पोर्तोमार्गे वारंगा फाटा

नांदेडहून निघालेली एस.टी. अर्धापूर सोडून पुढे गेली, की गाडीतल्या निम्म्या उतारूंना उगाचच भूक लागल्यासारखे वाटू लागते. वारंगा फाटा जवळ आला, एवढाच त्याचा अर्थ. येथे रस्ता दुभंगतो. एक वाट आखाडा बाळापूर, कळमनुरी करीत हिंगोलीला जाते. दुसरी हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे वळते. देऊळ किंवा गढी पाहायला म्हणून येथे कोणी उतरत नाही. उतरतात ते खिचडीसाठी!

पिवळीधमक, वाफाळलेली, बोटांना किंचित तेल लावणारी ती खिचडी, सोबत कढी आणि तळलेली मिरची. प्रत्येक हॉटेलाचे आपापले निष्ठावंत असतात. माझे थोरले बंधू गेली कित्येक वर्षे एकाच बाकावर बसून खातात आणि शेजारच्या हॉटेलाकडे मान वळवूनही पाहात नाहीत. मौज अशी, की या मुलखाची पिके म्हणजे कापूस, सोयाबीन आणि हळद. तांदूळ यायचा तो बाहेरून. पण नाव झाले वारंग्याचे!

यंदा दिवाळीआधी गावी गेलो होतो. परत निघताना दादा मला फाट्यावर सोडायला आले. गाडीला अवकाश होता. खिचडी संपत आली तेव्हा ते म्हणाले, "तिकडं पोर्तुगालात काय खाल्लं, ते सांगितलंच नाही तुम्ही."

आमचा भाचा संशोधनाच्या निमित्ताने पोर्तो शहरी असतो. त्याच्या आग्रहामुळे गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तेथे जाऊन आलो. खाल्ल्याचे मी सांगितलेच होते. राहिले होते ते प्यायल्याचे. मराठीच्या प्राध्यापकाने वडील भावासमोर मद्याचे वर्णन कोणत्या शैलीत करावे, हे आमच्या अभ्यासक्रमात नाही. पण दादांनीच विचारले. तेव्हा सांगून टाकले.

पोर्तोच्या समोर, दोरो नदीच्या पलीकडच्या काठावर गाया म्हणून गाव आहे. तेथे लांबच लांब कौलारू वखारी आहेत. 'वखार' हा शब्द सुरतेच्या इतिहासानंतर मला प्रथमच जिवंत भेटला. आत अंधार, गारवा, आणि ओळीने मांडलेली लाकडी पिंपे. द्राक्षाचा रस आंबत असतानाच मध्ये त्यात द्राक्षाचीच कडक दारू ओततात. आंबणे थांबते, गोडी शिल्लक राहते, आणि वाइन विसेक टक्के मद्यार्काची होते. हीच पोर्ट. मग तिने म्हातारे व्हायचे, आणि त्याच्या दोन रीती. 'व्हिंटेज' नावाची एखाद्या उत्तम वर्षाची वाइन दोन-तीन वर्षांत बाटलीत भरतात आणि ती बाटलीतच दशकानुदशके पिकते. 'टॉनी' मात्र पिंपातच राहते. लाकडातून तिला वारा लागतो, दरसाल थोडी उडून जाते, आणि तांबडा रंग उतरत उतरत तपकिरी होतो.

आमच्यापुढे चार पेले मांडले : दहा, वीस, तीस आणि चाळीस वर्षांचे. (हा आकडा म्हणजे जन्मदाखला नव्हे. अनेक पिंपांची मिसळ करतात. तिला तेवढ्या वयाची चव आहे, असे तिथल्या सरकारी चवपारख्यांनी मान्य करावे लागते.) दहा वर्षांच्या पेल्यात मनुका होत्या, थोडा उर्मटपणाही होता. वीस वर्षांच्या पेल्यात सुके अंजीर, अक्रोड, कुठे तरी जायफळ. सौभाग्यवतींनी चाळीस वर्षांचा पेला ओठांना लावला आणि त्या एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आईंच्या मोरावळ्याच्या बरणीतला तळाचा पाक!" मला तो अगदी पटला. आमची आई मोरावळ्याची एक बरणी दरसाल बाजूला ठेवून देई, आणि तिच्या तळाशी असाच काळसर, दाट, गोड की कडू हे न सांगणारा पाक उरे. तरीही खरे सांगायचे तर माझे मन वीस वर्षांच्या पेल्यापाशीच घोटाळले. त्यात फळ अजून जिवंत होते. चाळिशीत फक्त त्याची आठवण होती. माझीही चाळिशी उलटली असल्यामुळे हे मत मी तेथे बोलून दाखवले नाही.

भाच्याला मग घराण्यांचे वेड. गाण्यात जशी घराणी, तशी तेथे पोर्टची. कोप्के सर्वांत जुने, 1638 चे. पिंपात मुरवलेल्या जुन्या पोर्टसाठी त्याचे नाव. टेलर 1692 चे; त्याची व्हिंटेज कणखर, उशिरा खुलणारी. ग्रॅहमची गोडीकडे झुकणारी, डाऊची त्यामानाने कोरडी. नोव्हालच्या मळ्यात कलम न केलेल्या मूळ वेलींचा एक छोटा तुकडा आहे. त्याच्या 1931 च्या बाटलीचे नाव जाणकार कानाला हात लावून घेतात. ग्रॅहम श्रेष्ठ की डाऊ, यावर भाच्याचे मित्र हमरीतुमरीवर आले होते. शेवटी कळले, की ग्रॅहम, डाऊ, वॉर आणि कॉकबर्न या चारही पाट्या आज सिमिंग्टन नावाच्या एकाच कुटुंबाच्या आहेत!

दादा इथवर शांतपणे ऐकत होते. कढीची वाटी खाली ठेवून त्यांनी विचारले, "आणि द्राक्षं कुणाची?"

हा प्रश्न तेथे चार पेल्यांपुढे बसून मला सुचला नव्हता. द्राक्षे पोर्तोची नव्हेतच. ती नदीच्या वरच्या अंगाला, पूर्वेकडच्या डोंगरांत, दगडी पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत पिकतात. पूर्वी पिंपे चपट्या होड्यांतून खळाळत्या पाण्यावरून खाली येत. पुढे धरणे झाली आणि होड्या थांबल्या. नदी माणसे खाई. फॉरेस्टर नावाचा, या नदीचा नकाशा काढणारा इंग्रज व्यापारी 1861 साली तिच्यातच बुडाला. त्याच होडीतल्या दोना आंतोनिया फेरेरा या मळेवाल्या बाई आपल्या घेरदार झग्यामुळे तरंगल्या आणि वाचल्या, अशी कथा सांगतात. बाईंचे नाव बाटलीवर आहे. पण ज्यांनी त्या पायऱ्या रचल्या आणि वेली खुडल्या, त्यांची नावे नाहीत. 1756 साली पोंबाल या पोर्तुगीज मंत्र्याने मुलखाला सीमा आखून दिली, दगडी खांब रोवले, आणि या हद्दीतलीच वाइन पोर्ट असे ठरवले. तरी परदेशी माल रवाना व्हायचा तो गायाच्या वखारींतूनच. मळ्यावरूनच थेट माल पाठवायची मोकळीक शेतकऱ्याला मिळाली 1986 साली.

"म्हणजे सांगलीच की!" दादा म्हणाले.

मी खिचडीकडे पाहिले. आमच्या घरची हळद सांगलीला जात असे. शेंग शिजवायची, वाळवायची, घोळून चकाकी आणायची, पोती भरायची आणि ट्रक करायचा. मी शाळेत असताना वडील एकदा मलाही घेऊन गेले होते. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे मी तेव्हा पाहिली. जमिनीत खोल खोदलेली, अरुंद तोंडाची. त्यांत हळद वर्षानुवर्षे राही आणि रंग धरी, असे तिथले व्यापारी सांगत. पेवाचे तोंड उघडले तरी कोणी लगेच आत उतरत नसे. आधी वारा खेळू द्यावा लागे. गायाच्या वखारीतला तो गार अंधार मला इतका ओळखीचा का वाटला, ते आत्ता उमगले. (2005 च्या महापुरात त्यांतली पुष्कळ पेवे वाया गेली.) त्या दिवशी सौदा झाल्यावर एका दुकानात वडिलांनी घरासाठी पावशेर हळद मागितली. दुकानदार पुडी बांधता बांधता म्हणाला, "अस्सल सांगली. तुमच्याकडे अशी मिळायची नाही." वडिलांनी मुकाट्याने पैसे दिले. परतीच्या सबंध प्रवासात ते बोलले नाहीत. ती पुडी आईने कधी फोडली नाही.

2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, 2024 साली आमच्या जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीलाही. वडील त्याआधीच गेले. दादांनी ते वर्तमानपत्राचे कात्रण देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवले आहे.

हिंगोलीकडून नांदेडची गाडी दिसू लागली. वहिनींनी भाच्यासाठी दोन किलो हळद दळून दिली होती. साधी पांढरी पिशवी, तोंड दोऱ्याने शिवलेले. दादा म्हणाले, "तिकडं वासावरून कुणाला कळायचंय? तुमचा पेन द्या, नाव घालतो." पिशवी गुडघ्यावर ठेवून ते क्षणभर थांबले. आमच्या गावाचे नाव तालुक्याबाहेर कोणाला ठाऊक नाही.

मग ठळक अक्षरांत त्यांनी लिहिले : 'हळद. वारंगा फाटा.'

"आपलं गाव तर दूर राहिलं," मी म्हणालो.

"राहू द्या. फाटा तरी लोकांना ठाऊक आहे," ते म्हणाले, आणि पिशवी माझ्या हातात देऊन खिचडीचे पैसे द्यायला गल्ल्याकडे वळले.