मागच्या पडवीची रेंज

नेट घरात पाहुण्यासारखं येतं, पुढच्या दारानं, आणि बैठकीतच बसून राहतं. फायबरची तार खांबावरून वाशाला, वाशावरून खिडकीच्या चौकटीला, चौकटीला पाडलेल्या भोकातून आत. आणि जोडणीला आलेला मुलगा ते भोक जिथं उघडतं तिथंच खिळा मारून राउटर टांगतो. त्याला अंधार पडायच्या आत पुढची वाडी गाठायची असते. त्या एका खिळ्यानं घरातल्या कुणाच्या वाट्याला किती जग येणार हे ठरलं, हे त्याच्या गावीही नसतं.

कोकणातलं जुनं घर एकामागे एक उलगडत जातं. खळं, ओटी, माजघर, काळोखाची खोली, स्वयंपाकघर, मागची पडवी, न्हाणी. हा नुसता नकाशा नव्हे, मानाचा क्रम आहे. विजेचा पहिला दिवा ओटीवर लागला. रेडिओची फळी ओटीवर, टीव्ही ओटीवर, क्रोशाच्या रुमालाखालचा फोनही ओटीवरच. घरातल्या बायकांनी बातम्या ऐकल्या त्या माजघराच्या उंबऱ्याशी उभं राहून, हाताला लागलेलं पीठ वाळेपर्यंत. राउटरनं हीच वहिवाट पुढे चालवली. म्हणून ओटीवर काका झोपाळ्यावर आडवे होऊन क्रिकेट बघतात, विनाअडथळा. आणि काकू मागच्या पडवीत हात उंचावून फोन धरतात, तर पुण्याची नात अर्धवट हसताना गोठून गेलेली.

मधे आहे जांभा. चिऱ्याची भिंत फूटभर तरी जाड, आणि ओटीपासून पडवीपर्यंत अशा तीन-चार. राउटर हवेत जेमतेम एक दशांश वॉट सोडतो; देवघरातला ‘झिरो’चा बल्बसुद्धा याहून कितीतरी जास्त खातो. ही एवढीशी ऊर्जा अंतर दुप्पट झालं की मोकळ्या हवेतदेखील चौथाई उरते. भिंतींचा हिशेब वेगळाच. त्यात पाऊस. जांभा सच्छिद्र, आषाढात पाणी पिऊन बसतो, आणि या लहरी पाण्यात जिरतात. उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचणारी रेंज पावसाळ्यात माजघरातच दम टाकते, ती उगाच नाही. लोखंडी कपाट वाटेत असलं तर विचारूच नका, ते लहर सरळ परतवून लावतं.

राउटर दोन नावांनी दिसतो, एकाच्या शेपटीला 5 लावलेला. लोक 5 मोठा म्हणून तोच धरतात. तो वेगवान खरा, पण त्याची लहर 6 सेंटिमीटरच्या आसपासची आणि भिंतीपुढे लवकर नमणारी. दुसरा 2.4 गिगाहर्ट्‌झचा, त्याची लहर साधारण 12.5 सेंटिमीटरची, तो सावकाश चालतो, पण आत जास्त शिरतो. मागच्या खोल्यांनी 2.4 धरावा. मग शहरातून कुणीतरी रिपीटर पाठवतं आणि तो हमखास पडवीत, म्हणजे जिथं रेंज मेलेली आहे तिथंच, लावला जातो. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? त्याची जागा अधल्यामधल्या खोलीत, रेंज अजून धड असते तिथं. आणि एकाच रेडिओवर ऐकणारा-बोलणारा स्वस्त रिपीटर असेल तर प्रत्येक गोष्ट हवेत दोनदा जाते, वेग निम्मा होतो. यापेक्षा लॅनची तार बरी. माळ्यावरून आत ओढावी, शंभर मीटरपर्यंत ती कुरकुर करत नाही. (गोठ्याची खोली केली असेल तर तिथवर मात्र तांब्याची तार नको, फायबरच न्यावी. परतीच्या पावसातल्या विजा तांब्यावरून घरात येतात.)

पण तारेच्या टोकाला यंत्र आलं, यंत्राला वीज आली, आणि माजघरात विजेचा बोर्ड एकच, त्यावर मिक्सर. बोर्ड कुठं बसवायचे हेही एके काळी ओटीवर बसूनच ठरलं होतं.

या सगळ्यात मला सर्वांत आवडणारी गोष्ट हवाईची आहे. 1971 साली नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बेटांवरचे लोक होनोलुलूच्या विद्यापीठातल्या संगणकाशी रेडिओनं जोडले. हवा सगळ्यांची एकच. दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया. मग प्रत्येकानं आपापल्या मनानं थोडं थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. आजचं वायफाय अधिक शहाणं आहे, आधी कानोसा घेतं. पण ते थोडं थांबणं अजून तसंच आहे. आणि यातच ओटीला न कळलेली गोम आहे. लांबचा फोन कमजोर रेंजमध्ये हळू हळू, पुन्हा पुन्हा बोलतो, आणि तो बोलत असेपर्यंत त्याच हवेतले बाकीचे ताटकळतात. काकांची मॅच ऐन षटकात अडकते ती बऱ्याचदा पडवीतल्या त्या व्हिडिओ कॉलमुळे. मागच्या खोलीचे हाल पुढच्या खोलीतच राहणाऱ्याला पोचतात, फक्त त्याला ते केबलवाल्याचे वाटतात.

म्हणून राउटर माजघरात हवा. घराच्या मध्यावर, फळीवर, उंच, कपाटापासून दूर. उपाय फुकटातला आहे, दहा-बारा मीटर तार आणि एक बोर्ड. तरी घरोघरी तो सर्वांत शेवटी सुचतो. शेवटी भाच्यानं गणपतीत तो केलाच. काकूंची नात आता हलते, बोलते, कढीचा रंग कसा दिसतोय तेही सांगते. झोपाळ्याच्या टोकाला मात्र रेंजची एक कांडी कमी झाली. काकांनी दोन दिवस फोन झटकून पाहिला, तिसऱ्या दिवशी सामना ऐन रंगात असताना ते उठून आत आले आणि माजघरात पाटावर बसले.

“अहो, बसलाच आहात,” काकू म्हणाल्या, “तर हा लसूण सोला.”