आहे त्या स्थितीत

बंद पडलेली मोटारसायकल कशीही घरी आणता येते. प्लग गेलेला असतो, पेट्रोलला कचरा आलेला असतो, नाहीच जमलं तर कुणाच्या तरी टेम्पोत टाकायची. इंजिन जाम झालं की मात्र प्रकरण वेगळं. आमची येझदी गेल्या मे महिन्यात गारगोटीच्या अलीकडे अशी धरली. आधी आवाज बारीक झाला, मग ओढ गेली आणि मागचं चाक एकदम रस्त्यावर घासायला लागलं. हात क्लचवरच होता म्हणून पडलो नाही. तासाभरानं इंजिन थंड झाल्यावर किक खाली गेली, पण आतून जी खरखर ऐकू आली, ती ऐकून दुसरी किक मारायचा धीर झाला नाही.

मेस्त्रींनी ब्लॉक उतरवला आणि पिस्टन माझ्या हातात दिला. सायलेन्सरच्या बाजूला वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे होते, आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून ब्लॉकच्या भिंतीला चिकटलेलं. कारण सापडलं ते एका वाळून कडक झालेल्या ऑइल सीलमध्ये. क्रँकच्या डायनामोकडच्या बाजूचं हे सील गेलं की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण पातळ होतं. फोर-स्ट्रोकमध्ये इंजिनाचं तेल वेगळं असतं. टू-स्ट्रोकमध्ये ते पेट्रोलबरोबरच येतं, म्हणजे पेट्रोल कमी पोचलं की तेलही कमी पोचतं. इंजिन तापतं आणि वंगण आटतं, दोन्ही एकाच वेळी.

मग त्यांनी कनेक्टिंग रॉड चिमटीत धरला. बाजूला हलवून दाखवला. "हे चालतंय." मग वर-खाली ओढला. टक्. अगदी बारीक, पण बोटांना कळेल असं. "हे चालत न्हाई. हाफ इंजिन करून भागणार न्हाई सर, फुल करावं लागंल."

फुल म्हणजे ब्लॉक बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन, नव्या रिंगा, क्रँक उघडून रॉड किट, सगळी बेअरिंगं, सगळी सीलं. मजुरी धरून पंचवीस हजारांच्या घरात. त्याच आठवड्यात पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला. गाडी जाम झाल्याची बातमी त्यांना कुठून लागली कोण जाणे. अशा लोकांना ती लागतेच. पन्नास हजार द्यायला तयार होते, आहे त्या स्थितीत.

ही गाडी अण्णांनी १९८३ साली घेतली. ते जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होते, आणि भुदरगड तालुक्यात जनावरांच्या डॉक्टरला मोटारसायकल म्हणजे हौस नव्हती. कडगाव-पाटगावकडच्या वाड्यांवर पावसाळ्यात एसटी पोचायची नाही तिथे ही पोचायची. कॅरिअरला एका बाजूला बर्फाचा थर्मास, त्यात लाळ्या-खुरकुताची लस. दुसऱ्या बाजूला कातडी बॅग आणि तिच्यात वासरू ओढायची दोरी. पुढे कृत्रिम रेतन सुरू झाल्यावर द्रवरूप नायट्रोजनचं ॲल्युमिनियमचं भांडं आलं. ते आडवं होऊन चालायचं नाही, म्हणून अण्णांनी कॅरिअरला लोहाराकडून एक कडं जोडून घेतलं. ते कडं अजून आहे. पुण्याच्या गृहस्थांनी फोटो पाहून पहिला प्रश्न त्याचाच विचारला: "हे कापून काढता येईल ना?"

रात्री-अपरात्री कुणीतरी दारात यायचं, "डॉक्टर, वासरू आडवं आलंय" म्हणायचं, आणि अण्णा बनियनवरच शर्ट चढवत गाडी बाहेर काढायचे. येझदीला किक आणि गिअर यांना एकच दांडा. तो आत दाबून वर फिरवला की किक. गाडी सुरू झाली की पुन्हा खाली, आता तो गिअर. नवख्या माणसाची इथेच फजिती व्हायची. इंजिन एका सिलिंडरचं, पण सायलेन्सर दोन, त्यामुळे आवाज सगळ्या गावाला ओळखीचा. परत येताना गावाबाहेरच्या ओढ्यापाशी तो आवाज लागला की आई उठून पाणी तापवायला ठेवायची. आवाजावरून तिला काय झालं तेही कळतं, असं ती सांगायची. माझा त्यावर कधी विश्वास बसला नाही.

आम्हाला आत्याकडे कणकवलीला न्यायचे तेव्हा फोंडा घाट उतरताना अण्णा मधूनच ॲक्सिलरेटर पिळायचे. उताराला गाडी आपोआप पळतेय आणि हे उगाच आवाज काढतात, असं आम्हाला वाटायचं. पुढे मला कळलं की उताराला ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवला तर इंजिन जोरात फिरत राहतं, पण पेट्रोल जवळजवळ जात नाही, म्हणजे तेलही नाही. चढाला गाडी तापते हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. टू-स्ट्रोकची गाडी उताराला धरते.

विकायची की दुरुस्त करायची, हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदा आला तो नव्वदच्या दशकात. तेव्हाही क्रँकच गेला होता. मामांनी हिरो होंडा घेतलेली. लिटरला ऐंशी किलोमीटर जाते असं ते जेवायला बसतानाही सांगायचे, आणि आमची तीसच्या पुढे जायला तयार नव्हती. वर पंपावर तेल मापून घालायची कटकट. आई मामांच्या बाजूची. अण्णांनी लसीकरणाच्या जुन्या वहीच्या मागे हिशेब मांडला आणि येझदी दुरुस्त करायची ठरवली. कारण विचारल्यावर म्हणाले, नायट्रोजनचं भांडं घेऊन चिखलातून ती शंभर सीसीची गाडी जाणार नाही. एवढंच. पैसे आईच्या भिशीतून गेले आणि ते तिनं बरीच वर्षं ऐकवलं. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद झाला. तोवर आमच्या भागात येझदी दूधवाल्यांकडे आणि हट्टी माणसांकडेच उरल्या होत्या.

दुसऱ्यांदा प्रश्न आला तो अण्णा निवृत्त झाल्यावर. भंगारवाल्यानं गाडीकडे पाहिलंही नाही, वजन विचारलं. एकशे चाळीस किलो. किलोच्या भावानं त्यानं आकडा सांगितला आणि वर आरसी बुकही मागितलं. भंगारात गाडी घेणाऱ्याला आरसी बुक कशाला लागतं, हे पोलीस पाटलांशी ऊठबस असलेल्या अण्णांना माहीत होतं. त्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. गाडी राहिली ती त्या कागदामुळे. तिला कवटाळून कुणी रडलं वगैरे नाही. मी स्वतः नोकरीला लागल्यापासून स्प्लेंडर चालवतो, आणि रोज कॉलेजला जायला मला येझदी दिली तर मी घेणार नाही.

गंमत अशी, की ज्या काळात ही दुरुस्ती आम्हाला परवडत नव्हती त्या काळात गाडीला किंमत नव्हती, आणि आता परवडते तर लोक पैसे घेऊन दारात उभे आहेत. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावं बाजारात परत आली, तेव्हापासून जुन्या गाड्यांचे भाव चढत गेले असं मेस्त्री म्हणतात. ठेवायची तर खर्च इंजिनापुरता नाही. पंधरा वर्षांवरच्या दुचाकीचं नोंदणी-नूतनीकरण २०२२ मध्ये ३०० रुपयांवरून १,००० वर गेलं, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाडीला २,००० झालं. पर्यावरण कर वेगळा. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल. ऊस आमच्याच जिल्ह्याचा, मळी आमच्याच कारखान्यांची, आणि त्या पेट्रोलनं फुगणारं कार्बोरेटरचं जुनं रबरही आमचंच.

पुण्याच्या गृहस्थांना मी सरळ विचारलं, गाडीचं काय करणार? माणूस प्रामाणिक. म्हणाले, टाकी आणि साइड कव्हर अस्सल आहेत, ती त्यांच्या दुसऱ्या गाडीला जातील. इंजिनाचे केस एकाला हवे आहेत. कागदपत्रं असलेली चासी तर लगेच खपते. माझा त्यांच्यावर राग नाही. जुन्या गाड्या अशाच एकमेकींना खाऊन जगतात. पण तेव्हा मला कळलं की मी दोन पर्याय म्हणून जे समोर ठेवले होते, ते एका पातळीवरचे नव्हतेच. जाम इंजिनाची गाडी विकली जाते ती सुट्ट्या भागांच्या भावानं. मोटारसायकल म्हणून विकायची तर आधी ती चालली पाहिजे. भंगारवाल्यानं किलोवर घेतली असती, हे नगावर घेणार, फरक तेवढाच.

क्रँक घेऊन मी मेस्त्रींबरोबर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेलो. ज्या गावात १९१८ साली बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः जोडला, तिथे क्रँक उघडणं म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हे, अशा थाटात तिथले टर्नर काका वागतात. प्रेसवर त्यांनी क्रँकच्या दोन्ही चकत्या अलग केल्या, जुनी पिन काढली, नवा रॉड घालून पुन्हा दाबल्या. खरं काम त्यापुढचं. जोडलेला क्रँक लेथच्या दोन सेंटरांमध्ये धरला, शाफ्टला डायल लावला आणि हळूहळू फिरवला. काटा हलत होता. काकांनी खडूनं चकतीवर एक खूण केली, क्रँक खाली उतरवला, हातात तोलला आणि तांब्याच्या हातोडीनं त्या खुणेवर एक ठोका दिला. परत सेंटरवर. काटा कमी हलला. परत एक ठोका, या वेळी जरा हलका. हे किती वेळ चाललं ते मी पाहिलं नाही, मी हातोडीकडे पाहत होतो. शेवटी काटा दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत आला. काकांनी हात पुसले. शेजारच्या शेडमध्ये त्यांच्या मुलाचं सीएनसी मशीन चालू होतं. तो कुठल्याशा कंपनीसाठी एकाच मापाचे भाग हजारांनी काढतो. ठोक्याचं काम शिकायला त्याला वेळ नाही, आणि त्यात पैसेही नाहीत. काकांनाही त्याबद्दल तक्रार नव्हती.

मेस्त्रींना मी काम सुरू करायला सांगितलं. आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "कर, पण नंतर विक. चालवणार कोण ती?" मुद्दा बरोबर आहे. मुलीला किकचा दांडा आत दाबायलाच दोन हात लागतात, बायकोनं तर या विषयात पडायचं नाही असं जाहीर केलंय. त्यामुळे पुण्याला फोन केला आणि सांगितलं, गाडी विकणारच नाही असं नाही. इंजिन होऊ दे, पहिले पाचशे किलोमीटर चाळिसाच्या आत चालवून पिस्टन बसू दे. मग तुम्ही या, तुमच्या हातानं फोंडा घाट उतरवून दाखवा. दाखवलात तर भाव बोलू.

पलीकडून ते हसले. म्हणाले, "उतरवून? अहो, चढवून दाखवतो की."