आठ मात्रांचा पंचम

कमरेचा मणका सरकला तो एका नाट्यगृहाच्या मागच्या जिन्यात. हातात १९ किलोचा अ‍ॅम्प, आणि खांद्याला ट्रान्सफॉर्मरची पिशवी, कारण अ‍ॅम्प अमेरिकी, तिथल्या व्होल्टेजवर चालणारा. जहाजावरच्या बँडमधून निवृत्त होऊन गोव्याला परतलेल्या एका वादकाकडून मी तो १९९१ साली घेतला. फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब. २२ वॅट, १२ इंची एकच स्पीकर, शेवटाला सहा-व्ही-सहाचे दोन व्हॉल्व्ह. डोंबिवलीहून दादरला तो लोकलच्या लगेज डब्यात, मासळीच्या पाट्यांशेजारी उभा राहून कितीदा नेला त्याची गणती नाही. डॉक्टर म्हणाले, यापुढे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. आता गिटारच्या पिशवीच्या पुढच्या कप्प्यात अ‍ॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं एक पेडल असतं. घरात सगळे त्याला ‘डबी’ म्हणतात, मीही म्हणतो. तिच्यात तीन अ‍ॅम्प आहेत आणि त्यांतला एक माझाच आहे.

डबीचा आवाज चांगला आहे. १९९८ साली याच जातीचं, लाइन सिक्सचं ते लाल, घेवड्याच्या बीसारखं पॉड आलं. पुढे एका मित्राकडे मी ते वाजवून पाहिलं तेव्हा गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की आवाज फक्त लहान व्हायचा, निवळायचा नाही. आताच्या डबीत तो निवळतो. सातावर ठेवून हलकं छेडलं तर गोड, जोरात मारलं तर काठावरून फुटतो. आमच्या वयाचे वादक म्हणतात, डिजिटलमध्ये आवाज उशिरा येतो. मला हे पटत नाही. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभं राहिलं की जवळपास नऊ मिलिसेकंद तिथेच गेले, आणि डबीला त्याहून कमी लागतात. आयुष्यभर आम्ही जास्त उशिराने वाजवलं आणि कोणाची लय गेली नाही.

माझं घोडं अडलंय ते एका स्वरापाशी.

आमच्या ऑर्केस्ट्राच्या प्रयोगात मध्यंतरानंतरच्या पहिल्या गाण्याआधी मी दीडेक मिनिट एकटा वाजवतो. शेवटी पंचमावर येऊन थांबायचं. तो आठ मात्रा धरायचा, नवव्या मात्रेला ढोलक येतो. लय साठीची, म्हणजे आठ सेकंद. तार एकदाच छेडायची. अ‍ॅम्पवर हा पंचम आधी जरा खाली बसायचा, तिसऱ्या मात्रेला सावरायचा, आणि सहाव्या-सातव्या मात्रेला त्याच्यातून वरच्या सप्तकातला पंचम उगवायचा. स्पीकरने ढकललेली हवा तारेवर येते, तार पुन्हा हलते, पिकअप ते उचलतो, ते पुन्हा स्पीकरमधून येतं. हे सगळीकडे घडत नाही, जागा सापडावी लागते. कार्लोस सान्ताना साउंडचेकला रंगमंचावर अशा जागांच्या खुणा करून ठेवायचे, असं वाचलं तेव्हापासून मीही खडू बाळगायला लागलो. अर्धं पाऊल इकडेतिकडे झालं तरी स्वर मरतो.

डबीत व्हॉल्व्हचा हिशोब आहे, स्पीकरचा आहे, स्पीकरसमोर ठेवलेल्या माइकचाही आहे. इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात ना, तो त्या खोक्याचा आणि माइकचा ठसाच असतो. पण हिशोब माइकपाशी संपतो. पुढे हवा, हवेपुढे माझी गिटार, हे त्यात नाही. ‘रूम’ नावाचं बटण आहे. ते ऐकणाऱ्याला खोली देतं, तारेला काही देत नाही. कानात इअरफोन घालून मी पंचम छेडतो आणि चौथ्या मात्रेला तो विझतो. उरलेल्या चार मात्रा मी नुसता उभा असतो.

गेन वाढवून पाहिला. स्वर टिकला, पण आधीच्या आलापातल्या सगळ्या बारीक मींडी एका उंचीला आल्या, सगळी अक्षरं ओरडून म्हटल्यासारखी. कॉम्प्रेसर लावला, तर पंचम लांबला, उठला नाही. पायाशी मॉनिटर मागून घेतला आणि गिटारचं डोकं त्याच्या खोक्याला टेकवलं. एका प्रयोगाला तार जागी झाली, पुढच्या दोन प्रयोगांना नाही. शिवाय तेवढं वाकणं या कमरेला झेपत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी या एका स्वराशी बसलोय. बायको दार लोटून घेते. ती बोलत नाही, म्हणूनच मला लागतं.

अ‍ॅम्प गेला म्हणून ऑर्केस्ट्रा बुडाला असं म्हणणारे भेटतात. ऑर्केस्ट्रा बुडवला तो ट्रॅकने. जिथे चार व्हायोलिनं, अ‍ॅकॉर्डियन, दोन गिटार बसायचे, तिथे आज गायक आणि लॅपटॉप असतो, आणि तिकीट मात्र तेवढंच. डबीवर राग काढणारे माझे दोस्त दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर वाजवायला जातात. त्यांचं पोट आहे, मला कळतं, पण राग तरी योग्य दारात न्यावा.

आणि आम्ही आवाज शिकलो तो कुठून? ‘दम मारो दम’मधली भूपिंदर सिंग यांची गिटार, ‘कर्ज’मधली गोरख शर्मांची गिटार, सगळं कॅसेट मागे-पुढे करून उतरवलेलं. त्यांच्या अ‍ॅम्पसमोर आमच्यातलं कोण उभं होतं? माइकने जे ऐकलं तेच आम्ही ऐकलं आणि त्यालाच आवाज म्हणत आलो.

हे मला कमरेच्या दुखण्यात, पडून असताना सुचलं. तेव्हाच २००९च्या एका प्रयोगाचं मिक्सरवरून थेट घेतलेलं रेकॉर्डिंग ऐकायला मिळालं. माझा पंचम आला. पाचव्या मात्रेला तो हळूहळू मागे गेला, आणि ढोलक आला. वरचा पंचम नाहीच. मी तीनदा ऐकलं. मग त्या वेळच्या साउंडवाल्याला फोन केला. तो सहज म्हणाला, “दादा, तुमचा तो स्वर शिट्टी मारायच्या बेतात यायचा, म्हणून मी दर वेळी फेडर खाली घ्यायचो.” दर वेळी. मागच्या रांगांपर्यंत तो स्वर कधी पोचलाच नव्हता. टाळी यायची ती ढोलकाला. मी इतकी वर्षं ती स्वतःची समजून मान खाली घालून स्वीकारली.

आणखी एक सांगायला हवं. प्रयोग संपला की खडूची खूण मी बुटाने पुसून टाकायचो. एक तरुण वादक दोनदा विचारायला आला होता, सर, तुम्ही नेमके उभे कुठे राहता. मी त्याला व्हॉल्व्हबद्दल काहीतरी सांगून वाटेला लावलं.

माझ्याकडे अंबरनाथहून एक मुलगी शिकायला येते. १९ वर्षांची. वन रूम किचनमध्ये वाढली, त्यामुळे गिटार आयुष्यभर इअरफोनवरच वाजवली. तिच्याकडेही अशीच डबी आहे. हाच आलाप मी तिला दिला. तिचा पंचम उगवत नाही, पण विझतही नाही. तिसऱ्या मात्रेपासून तिचं बोट तारेवर हलायला लागतं, आधी सावकाश, मग रुंद, आणि आठव्या मात्रेपर्यंत स्वर जिवंत राहतो. हे मी शिकवलेलं नाही. मला कधी लागलंच नाही, माझं काम हवा करत होती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिला म्हटलं, “कंप फार होतोय, आवर.” ती मान हलवून गप्प बसली. कंप बरोबर होता. मला ते सहन झालं नव्हतं.

आता मी ११च्या तारा काढून त्याहून बारीक १०च्या लावल्यात. अनामिका सकाळी आखडलेली असते, कोमट पाण्यात धरून ती मोकळी करतो आणि पंचमावर ठेवतो. सहा मात्रा होतात. कधी साडेसहा.

मागच्या रविवारी ती मुलगी आली तेव्हा अ‍ॅम्पवरची चादर काढली. ट्रान्सफॉर्मर जोडला, व्हॉल्व्ह तापू दिले. शेजारी गावाला गेले होते, म्हणून व्हॉल्यूम हवा तेवढा चढवता आला. तिला म्हटलं, “तू वाजव, आणि मी सांगेन तशी सरक.” खिडकीपासून दोन फरश्या अलीकडे ती थांबली. पंचम बसला, सावरला, सहाव्या मात्रेला वरचा उगवायला लागला, आणि तिने दचकून तारांवर तळवा ठेवला.

“सॉरी सर, शिट्टी यायला लागली.”

“पाय हलवू नकोस,” मी म्हटलं, आणि खडू शोधायला आत गेलो.