सांबरशिंग

आमच्या मालवणच्या घरी सहाणेशेजारी सांबरशिंगाचा एक तुकडा असे. कुणाचा गाल सुजला, बरगडीत कळ आली, की वाडीतलं माणूस दारात हजर. आणि आजी ते उगाळून कोमट लेप देई. गुण येई की नाही, देव जाणे. तुकडा मात्र झिजून अंगठ्याएवढा उरला होता.

"मामाकडे आंबोलीक जातंस तर एक बघ हां, झिला," ती म्हणाली.

त्या वैशाखात मामांच्या मागून मी रान पालथं घातलं. शिंगासाठी सांबर मारावं लागत नाही. नर आपली शिंगं आपणच टाकतो, मग नवी फुटतात. पण पाचोळ्यातली सुकी फांदी कुठली नि शिंग कुठलं? मी किती फांद्या उचलल्या म्हणता! चौथ्या दिवशी ओहळाकाठी एक मिळालं. टोकं साळिंदरानं कुरतडलेली. त्याला त्यातला चुना लागतो.

आजीनं ते हातात फिरवून पाहिलं.

"साळिंदराच्या तोंडातलां कित्याक काढलंस?"

मी रडवेला झालो. मामांनी ते परत नेऊन ओहळाकाठी ठेवलं. आजी गेली तेव्हा जुना तुकडा नखाएवढा होता.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार असं शिंग घरी आणणं आता गुन्हाच. गेल्या उन्हाळ्यात आंबोलीला पायवाटेवर एक अख्खं दिसलं. हात पुढे गेलाच! शेजारी साळिंदराचा काटा पडला होता. मी हात मागे घेतला.