रबरी पोशाख आणि समुद्रातल्या स्त्रिया

इतिहासाच्या तासाला आम्ही राजांपेक्षा श्रमणाऱ्यांच्या साधनांविषयी अधिक बोलतो. पाणबुड्यांचा वेटसूट हे असेच एक साधन. पाणबुड्याचे अंग कोरडे राहिलेच पाहिजे असे नाही, हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५० च्या दशकारंभी ओळखले. निओप्रीनमधील सूक्ष्म बुडबुडे ऊब धरतात. आत शिरलेले थोडे पाणी अंगाच्या उष्णतेनेच कोमट होते.

दक्षिण कोरियातील जेजू बेटावरच्या ‘हेन्यो’ स्त्रिया मात्र पिढ्यानपिढ्या सुती कपड्यांतच, श्वास रोखून, थंड समुद्रात उतरत. शंख-शिंपले काढीत आणि काकडून वर आल्यावर दगडी आडोशातील शेकोटीभोवती बसत. १९३२ मध्ये जपानी राजवटीतील पिळवणुकीविरुद्ध त्यांनी मोर्चे काढले, हे आम्ही मुलींना आवर्जून सांगतो.

१९७० च्या दशकात त्यांच्याकडे रबरी पोशाख आला. कमाई वाढली, पण पाण्यातले तासही वाढले, डोकेदुखी मागे लागली. आमच्या मते या पोशाखाने थंडी कमी केली, कष्ट नव्हेत. हवेची नळकांडी मात्र त्या आजही वापरत नाहीत. रबर अंगाला वर तरंगविते, म्हणून कमरेला शिशाची वजने बांधून सत्तरी उलटलेल्या कित्येक जणी अजूनही खाली उतरतात.