विंध्याच्या खाली, नर्मदेच्या वर

आमच्या घरात काही वर्षांपूर्वी एक चमत्कारिक प्रमाद घडला. आजीचे श्राद्ध एका वर्षी चक्क एक महिना आधी झाले. तिथी होती श्रावण वद्य पंचमी. त्या वर्षी नेहमीचे मराठी गुरुजी परगावी गेले होते, म्हणून शेजारच्या गल्लीतील पंडितजींना बोलावले. त्यांनी आपल्या पंचांगात श्रावण कृष्ण पंचमी पाहिली, दिवस सांगितला, आणि आम्ही पान वाढून मोकळे झालो. संध्याकाळी आत्याबाईंना आठवले की आजी गेली तेव्हा काकांच्या मनगटावर राखी होती. आणि यंदाची राखी तर अजून यायची होती! पंडितजींचे काहीच चुकले नव्हते. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आमचा अमावास्येला. आमचा जो श्रावण वद्य तो त्यांचा भाद्रपद कृष्ण. महिन्याने पुन्हा श्राद्ध केले, हे सांगायला नकोच.

नर्मदेच्या दक्षिणेस शालिवाहन शक व अमान्त महिने, उत्तरेस विक्रम संवत व पूर्णिमान्त महिने, ही वाटणी आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. पण मालव्यातला मराठी माणूस राहतो नर्मदेच्या उत्तरेस आणि महिने मोजतो दक्षिणेचे. जुन्या काळी इकडे आपल्याला 'दक्षिणी' म्हणत. पुण्याचे आप्त मात्र आम्हांला 'उत्तरेकडचे' म्हणतात. आमच्या मराठीत हिंदीचे खडे लागतात अशी त्यांची तक्रार असते, आणि ती अगदीच खोटी नाही. श्राद्धाच्या त्या घोटाळ्यानंतर घरातील तरुण मंडळींनी सरळ प्रश्न टाकला : आपण नक्की कुठले? आणि ही दक्षिण सुरू तरी कोठे होते? त्या वादाच्या भरातच बागेला जाण्याचे ठरले, कारण हा प्रश्न विचारण्यास बागेइतके अडचणीचे ठिकाण दुसरे नाही.

बाग हे धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातले, कुक्षीजवळचे गाव. मनुस्मृतीचा आर्यावर्त विंध्यापाशी संपतो. बाग विंध्याच्या दक्षिण उतारावर आहे, म्हणजे आर्यावर्ताच्या बाहेर. पण नर्मदा ही सीमा धरली तर ते उत्तरेत पडते. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त माहिष्मतीच्या पलीकडे दक्षिणापथ सांगितला आहे, आणि माहिष्मती म्हणजे अहिल्याबाईंचे महेश्वर, असे सामान्यतः मानतात. गंमत अशी की हा राजशेखर स्वतः कनोजच्या दरबारी नांदलेला, पण त्याचा पूर्वज अकालजलद 'महाराष्ट्रचूडामणि' म्हणून गौरवलेला. दक्षिणेची वेस आखणारा हा पंडितही एका परीने आपल्यासारखाच परमुलखी स्थायिक झालेल्या घराण्यातला होता!

धारहून निघून वाटेत आम्ही अमझेऱ्याला थांबलो. येथेच १७२८च्या नोव्हेंबरात चिमाजी आप्पांनी गिरिधर बहादूर व दया बहादूर यांचा पराभव केला आणि माळव्याचे दार मराठ्यांना उघडले. १८५७च्या उठावात अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह सामील झाले. १८५८ साली इंदुरास त्यांना फाशी झाली आणि त्यांचा मुलूख शिंद्यांकडे गेला. बाग ग्वाल्हेर संस्थानात आली ती अशी. ज्या घटनेने बागेवर मराठी अंमल बसला ती मराठ्यांच्या पराक्रमाची नव्हे, हे तरुण मंडळींना तेथेच सांगून टाकले. पूर्वजांचा हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजूंनी मांडावा.

पुढे डोंगराळ, भिल्ल-भिलालांच्या वस्तीचा मुलूख लागतो. लेण्यांखालून बाघिनी नदी वाहते. आम्ही गेलो तेव्हा पाणी घोट्यापर्यंत होते. पलीकडच्या कड्यात नऊ लेणी खोदलेली आहेत, पैकी काहींचा आता नुसता ढिगारा उरला आहे. दुसऱ्या लेण्यातील बुद्ध व बोधिसत्त्वांच्या मूर्तींना गावकरी पांडव म्हणतात. चौथे ते 'रंगमहाल'. चौथ्या व पाचव्या लेण्यांसमोर मिळून सुमारे २२० फूट लांबीचा ओटा होता आणि त्याच्या मागील भिंतीवर ती प्रसिद्ध चित्रे होती. ओट्याचे छत केव्हाच कोसळले.

छत का कोसळले, यात आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे असे आम्हांला वाटते. अजिंठा खोदला तो काळ्या कातळात, आपल्या सह्याद्रीच्या, लाव्हारसाच्या पाषाणात. बाग खोदली वालुकाश्मात, आणि त्यावर मातकट खडकाचा जड थर बसलेला. तो पाणी पितो, फुगतो, आणि खालच्या छताला फाडतो. खोदणाऱ्यांना हे काम चालू असतानाच कळले असावे, कारण दालनांच्या मध्यभागी छताला टेकू म्हणून जास्तीचे खांब राखले आहेत. हा वालुकाश्म लाव्हारसाहून जुना; नर्मदेच्या खोऱ्यात पश्चिमेकडून समुद्र शिरला होता त्या युगाच्या आसपासचा. त्या समुद्राच्या थरांना भूगर्भशास्त्रात बागेचेच नाव आहे. याच परिसरात डायनोसॉरची अंडीही मिळतात; गावकरी त्यांतील काहींची देव म्हणून पूजा करीत आले होते. म्हणजे अजिंठ्याचा हात आणि परक्या मुलखाचा दगड, अशी ही गाठ. हात ओळखीचा वाटतो, पण दगडाने साथ दिली नाही.

मात्र 'अजिंठ्याचा हात' असे म्हणतानाही जपून बोलावे लागते. १९२९ साली दुसऱ्या लेण्यातील मलबा काढताना एक ताम्रपट सापडला. माहिष्मतीच्या महाराज सुबंधूने 'कलयन' नावाच्या येथील विहारास गाव दिले, ते बुद्धाच्या पूजेसाठी, भिक्षूंच्या वस्त्रान्नासाठी आणि विहाराचा मोडका-फुटका भाग दुरुस्त करण्यासाठी. दुरुस्तीची काळजी तेव्हापासूनची! या पटावरील वर्ष नष्ट झाले आहे. पण त्याच सुबंधूच्या बडवाणीच्या ताम्रपटावर १६७ हे वर्ष आहे. कोणत्या संवताचे? आमच्या वासुदेव विष्णु मिराशींनी ते कलचुरि-चेदि संवताचे मानले, म्हणजे इसवी सन ४१६-१७. इतर विद्वान ते गुप्त संवताचे मानतात, म्हणजे ४८६-८७. एक आकडा, दोन पंचांगे, आणि सत्तर वर्षांचे अंतर. आमच्या आजीच्या श्राद्धाचे ते केवढे थोरले भावंड! लेणी अजिंठ्याच्या आधीची की बरोबरची, आणि येथील राजे गुप्तांकडे पाहत होते की नाही, हे सारे त्या एका निवडीवर लोंबकळत राहते.

दुसरी कथा याहून बोलकी आहे. भुलुंड, स्वामिदास, रुद्रदास या वल्खाच्या महाराजांचे ताम्रपट फार पूर्वीपासून ज्ञात होते. मिराशींनी वल्ख म्हणजे खानदेशातील चाळीसगावजवळचे वाघळी असे ठरविले होते, आणि हे घराणे महाराष्ट्राच्या इतिहासात जाऊन बसले होते. मग १९८२ साली बागेजवळच्या रिसावला येथे ताम्रपटांचा साठाच्या साठा निघाला. सत्तावीस पट, आणि ते याच घराण्याचे. वल्ख नर्मदा ओलांडून बागेला आले. मिराशींसारख्या ऋषितुल्य संशोधकाचाही तर्क जमिनीने असा फिरविला, तेथे आम्हां सामान्यांनी 'हे आमचे, ते तुमचे' म्हणताना थोडे थांबावे हे बरे.

चित्रे आता भिंतीवर जवळजवळ नाहीत. १९८२ साली महत्त्वाचे तुकडे काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेण्यात आले. आम्ही भिंतीसमोर उभे राहिलो तेव्हा फिकट डागांपलीकडे काही दिसेना, आणि बरोबरच्या मुलांची निराशा लपली नाही. पण प्रतिकृती आम्ही पाहिल्या होत्या : शोक करणारी स्त्री व तिचे सांत्वन करणारी सखी, हत्तीघोड्यांची मिरवणूक, आणि एका नर्तकाभोवती फेर धरून टिपऱ्या वाजविणाऱ्या स्त्रिया. आमच्यातील एकीने याला आपला टिपऱ्यांचा खेळ म्हटले, तर गुजरातेत दिलेल्या भाचीने दांडिया म्हटले. दोघींनाही आम्ही विरोध केला नाही.

या प्रतिकृतींवर मात्र आपल्याला खरा हक्क सांगता येतो. १९२१च्या सुमारास ग्वाल्हेर दरबारच्या विनंतीवरून नंदलाल बोस, असितकुमार हालदार व सुरेंद्रनाथ कर शांतिनिकेतनाच्या परंपरेतून आले. त्यांच्याबरोबर भोसले, आपटे, भांड, जगताप ही मराठी चित्रकार मंडळीही त्या पडक्या लेण्यांत बसली. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे यांनी लेणी मोकळी करविली. १९२७ साली लंडनहून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मार्शल, फोगेल यांच्या बरोबरीने गर्द्यांचाही लेख आहे. आज मूळ भिंत पुसली गेल्यावर त्या चित्रांचे जे काही डोळ्यांपुढे येते ते बंगाली आणि मराठी कुंचल्यांतून आलेले आहे.

परतताना गावातील छिप्यांकडे गेलो. तांबड्या-काळ्या रंगांचे ठसे उमटविणारे हे खत्री कारागीर मूळचे सिंधचे; मारवाड, मनावर असे मुक्काम करीत १९६२ साली बागेत आले. काळा रंग लोखंडाच्या गंजाचा, तांबडा आलिझरीनचा, आणि त्याला तेज येते ते वाहत्या बाघिनीत धुतल्याने, असे ते सांगतात. २००८ साली या छपाईला 'बाग' याच नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. साठ वर्षांपूर्वी आलेली माणसे गावाच्या नावाची धनी झाली, आणि गावाला त्याचे काही वावगे वाटलेले दिसले नाही.

मोटारीत तरुण मंडळींनी पुन्हा निकाल मागितला. आमचे मत असे की बाग दक्षिणेची नाही. ग्रियर्सनने भिलीबरोबर आपली अहिराणीही मराठीच्या खंडात न घालता गुजरातीच्या शेजारी बसविली. तेव्हा खानदेशातच जिथे दक्षिण पातळ होते, तिथे नर्मदेपलीकडे तिचा दावा कोणत्या तोंडाने करावा? पण आमचे घर मात्र दक्षिणी आहे, कारण तिथ्या आम्ही त्या मोजतो. यावर उज्जैनहून आलेल्या आमच्या धाकट्या सूनबाई काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी कपाटातील जुनी वही काढली आणि प्रत्येक वद्य तिथीपुढे दुसऱ्या शाईने दुसरे नाव लिहिले. आजीच्या ओळीत आता 'श्रावण वद्य पंचमी' आहे आणि तिच्यापुढे 'भाद्रपद कृष्ण पंचमी, राखीनंतर पाचवा दिवस'.