सेंट पॉलमध्ये ऐकू आलेली बोली

पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वराला तुम्ही एकदा तरी गेला असाल. पुढच्या खेपेला चिंचेचा भात खाऊन झाला की गाडी लगेच घराकडे वळवू नका. हिल डिस्ट्रिक्टमधला १७२७, बेडफर्ड अ‍ॅव्हेन्यू हा पत्ता टाका. ही जुनी कृष्णवर्णीय वस्ती. नाटककार ऑगस्ट विल्सन यांचं लहानपण या घराच्या मागच्या दोन खोल्यांत गेलं.

पंधराव्या वर्षी त्यांनी नेपोलियनवर वीस पानी निबंध लिहिला. तो त्यांचा स्वतःचा आहे यावर शिक्षकांचा विश्वास बसेना. विल्सननी शाळा सोडली ती सोडलीच. उरलेलं शिक्षण कार्नेगी ग्रंथालयात बसून केलं. (पुढे त्याच ग्रंथालयाने त्यांना डिप्लोमा दिला!) विसाव्या शतकातल्या प्रत्येक दशकाचं एक, अशी दहा नाटकं त्यांनी लिहिली. त्यांतली नऊ याच वस्तीत घडतात. 'फेन्सेस' आणि 'द पियानो लेसन'ला पुलित्झर मिळालं. २००५ मध्ये दहावं नाटक रंगमंचावर आलं आणि त्याच वर्षी ते गेले.

हे तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मी अडले ती दुसऱ्याच गोष्टीपाशी. पिट्सबर्गात असेपर्यंत विल्सनना संवाद जमत नव्हते. आजूबाजूची बोली नाटकात घालण्याजोगी त्यांना वाटतच नव्हती. पात्रं पुस्तकी बोलायची. १९७८ मध्ये ते मिनेसोटात सेंट पॉलला गेले. तिथे आपली माणसं तुरळक. विज्ञान संग्रहालयासाठी मुलांच्या नाटुकल्या लिहायचं काम मिळालं. आणि तिथे, इतक्या लांब, त्यांना हिल डिस्ट्रिक्टचे आवाज ऐकू येऊ लागले. 'जिटनी' तिथेच लिहिलं.

माझी आई अमरावतीची. पुण्यात माझ्या मैत्रिणींसमोर ती "तुले काहून उशीर झाला?" म्हणाली की मी मान खाली घालायचे. एकदा घरी आल्यावर म्हटलं, "नीट बोलत जा ना!" ती नीट बोलू लागली. माझ्याशी तरी, शेवटपर्यंत. फोनमध्ये तिचे सत्तेचाळीस आवाजी निरोप आहेत. सगळे शुद्ध. "जेवलीस का? थंडी आहे का तिकडे?"

हल्ली फोडणी देताना माझ्याच तोंडून "मले" निघतं. परवा लेकीने विचारलं, हे कुठलं मराठी? मी अमरावतीला मावशीला फोन लावला. म्हटलं, "मावशी, तू आईशी बोलायचीस तशीच माझ्याशी बोल."

"तशीच म्हंजे कशी वं?" ती म्हणाली.